पाहुण्यांचं मराठी

(मेलबर्नमधल्या आपल्या मराठी मंडळाच्या गुढीपाडवा मेळाव्यातील भाषण. वेबसाइटसाठी थोडं कापून-छाटून.)

नमस्कार मंडळी. श्रीखंड-पुरीनंतरचं भाषण म्हणजे हरायचीच कुस्ती. ज्यांचा डोळा लागेल त्यांनी खुशाल लागू द्यावा, फक्त घोरणाऱ्यांनी मागच्या रांगेत बसावं. गेल्या वर्षी मीही तिथेच होतो.

अध्यक्षांनी मला विषय दिला, 'पिढ्यांमधलं अंतर'. मी विचारलं, मलाच का? तर म्हणाले, तुम्ही आता वयानं... मग अडखळले आणि म्हणाले, अनुभवी झालात. झालोच आहे. मोबाइलवरची अक्षरं इतकी मोठी केलीत की ट्रॅममध्ये माझे मेसेज मागच्या सीटवरचा माणूसही वाचतो. अशाच गमतीजमती सांगून वेळ मारून न्यायची असं डिसेंबरात ठरवलं होतं. पण जानेवारीत सोलापूरला गेलो आणि भाषणाचा विचका झाला.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेला गेलो होतो. लेक एकोणीस वर्षांची, आठ वर्षांनी येत होती. पुतण्या सांगत होता, काका, वंदे भारतनं या, साडेसहा तासांत सोलापूर. पण मी हट्टानं सिद्धेश्वर एक्स्प्रेसची तिकिटं काढली. रात्रभराची गाडी, मधल्या स्टेशनांवरच्या त्याच हाका, पहाटेची तीच थंडी. डबा तोच, बर्थही तोच, पाठ मात्र 1987ची राहिलेली नाही. सकाळी उतरताना बायको पुढे चालत होती आणि मी हमालाकडे बॅगेसाठी नव्हे, आधारासाठी बघत होतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्यात चार-पाच सोलापूरकर आहेत, त्यांना सांगायला नको. आमच्या घरातला दिवस पाणी कधी आलं होतं आणि कधी येणार यावर ठरतो. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पाण्याच्या तारखेला निळ्या पेनानं गोल केलेला असतो. चतुर्थी, एकादशी सगळं त्याच्या खाली. त्या दिवशी चौथा दिवस होता आणि गोल पाचव्यावर होता. लेक अंघोळीला गेली. भावानं हौसेनं बसवलेला आणि घरात कुणीही कधी न वापरलेला शॉवर तिनं सुरू केला. वीस मिनिटं.

टाकीचा आवाज बदलला तसे अप्पा खुर्चीतून उठले. अप्पा त्र्याऐंशी वर्षांचे. चादरीच्या कारखान्यात चाळीस वर्षं मागावर होते. मागाच्या खडखडाटात बोलायची सवय, त्यात आता कान गेलेले, त्यामुळे ते खाजगीत बोलले तरी गल्लीला कळतं. ते नातीला काही बोलले नाहीत. माझ्यावर आले.

"पाणी कुठनं येऊलालंय माहितंय का रे तुला? उजनी धरणातनं येऊलालंय! शंभर किलोमीटरवरनं! तुझ्या मेलबर्नचा नळ नव्हं ह्यो!"

आणि मंडळी, मी, या मंडळाचा माजी सचिव, तीन वर्षं वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक, काय बोललो?

"मोठी टाकी बसवा म्हणून किती वर्सं सांगूलालोय, ऐकूलालाव का तुम्ही? नाही की! नुसतं गोल काढत बसलाव कॅलेंडरवर!"

पुढची दहा मिनिटं आम्ही मनसोक्त भांडलो. टाकीवरून वहिनीच्या फ्रिजवर, फ्रिजवरून मी 1999 साली ऑस्ट्रेलियाला गेलो त्यावर. तिथून आईच्या आजारपणावर येणार होतो, पण दोघेही अलीकडेच थांबलो. वळून बघतो तर लेक डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभी. मला वाटलं, बिचारी घाबरली असेल. तर तिच्या चेहऱ्यावर जत्रेत नवा पाळणा बघितल्यासारखा भाव.

रात्री गच्चीवर तिनं विचारलं, "बाबा, सकाळी तू कुठली भाषा बोलत होतास?"

म्हटलं, "मराठीच की."

"मग मला कुठली शिकवलीस?"

मी नेहमीचं सुरू केलं, बोली आणि प्रमाण वगैरे. तिनं ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाहुणे आले की काढायचे कप असतात ना आपल्याकडे, तसं मराठी दिलंस तू मला. पाहुण्यांचं. तुमचं रोजचं नाही दिलंस."

तेव्हापासून हे वाक्य माझ्यामागे लागलंय. सबब देता येईल, पण तिच्यापुढे देता आली नाही, म्हणून तुमच्यापुढे देतो.

मी 1987 साली इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. मेसमध्ये पहिल्याच दिवशी शेजारच्याला आपुलकीनं विचारलं, "काय करूलालाव?" सगळं टेबल हसलं. दुसऱ्या दिवशी माझं नाव करूलाल पडलं. चार वर्षं ते नाव होतं. मारवाड्याच्या दुकानावरच्या पाटीसारखं. मी सहा महिन्यांत जीभ घासूनपुसून लख्ख केली. 'हाव की' गेलं, 'नाही की' गेलं, 'बे' गेलं. माझी बायको सदाशिव पेठेतली. पहिल्या भेटीत तिनं विचारलं होतं, "तुम्ही मूळचे पुण्याचेच ना?" माझ्या आयुष्यात मला मिळालेला तो सर्वोच्च पुरस्कार होता. मी 'नाही' म्हणायला दोन भेटी लावल्या.

आणि इकडे तीच भाषा बोलून पुतण्याचे मित्र रील्स करतात. पोरं मोजून मोजून "काय करूलालास बे" म्हणतात आणि खाली हजारो बदाम. पुतण्या मला म्हणाला, "काका, तुम्ही बातम्या देऊलालासारखं का बोलता?" ज्याची मला लाज वाटली त्याच्यावर त्यांचं चाललंय. मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, थोडा रागच आला. मी फुकट घासली ना जीभ!

नव्या पेठेत शेंगाचटणी घेताना आणखी एक झालं. मी पाकिटातून रुबाबात नोट काढली, दुकानदारानं ती उलटसुलट बघितली आणि परत माझ्या हातात ठेवली. नोटाबंदीच्या आधीची हजाराची. आठ वर्षं जपून ठेवलेली. पुतण्यानं मोबाइल पुढे करून पैसे दिले आणि म्हणाला, "राहू द्या काका." त्या 'राहू द्या'त माझी सगळी पिढी बसली होती. असो.

अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला लेक पहाटेपासून तयार. बाराबंदी घातलेले लोक, ते उंच नंदीध्वज, संमती वाचन, आणि 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' म्हटल्याबरोबर चहूबाजूंनी पडणाऱ्या अक्षता. तिच्या एका बाजूला कानडी बोलणाऱ्या बायका, दुसऱ्या बाजूला तेलुगू, मागे आमची वहिनी. कुणी कुणाला शुद्ध करत नव्हतं. 'दिड्डम' तिला इतकं आवडलं की आता मेलबर्नच्या घरात चहा हवा का विचारलं तरी दिड्डम दिड्डम येतं. बायकोनं अजून तक्रार केलेली नाही, पण करेल.

आता थोडं आपल्या मंडळाविषयी. रागावू नका, रागावलात तर गुलाबजाम आहेत. दोन वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा वक्तृत्व स्पर्धेत म्हणाला, "म्या आजीसंगं शेतात गेल्तो." आजी लातूरकडची, सहा महिने इथे राहून गेली होती. पोरगं इतकं रंगून सांगत होतं! आपण सगळे हसलो. प्रेमानंच हसलो. आणि मी उच्चारांचे तीन गुण कापले. त्यानंतर तो मुलगा स्टेजवर आलेला मी पाहिला नाही. त्याचे आईवडील आज इथे बसलेत. जेवताना त्यांच्याशी बोललो. ते म्हणाले, अहो, विसरला तो. मी विसरलेलो नाही.

आपल्या नाटकांत गावाकडची भाषा कोण बोलतं? गडी. नाहीतर मोलकरीण. नायक कायम पुण्याचा, तो आपल्यातल्या नागपूरच्या माणसानं केला तरी. रविवारच्या शाळेत आपण 'आनी' म्हणणाऱ्या पोराला थांबवून 'आणि' म्हणायला लावतो. तोवर त्याला काय सांगायचं होतं ते गेलेलं असतं. मग आपणच इथे उभे राहून म्हणतो, मुलं मराठी बोलत नाहीत हो!

पाण्याचंही तेच. 2008च्या दुष्काळात आपल्याला इथे माणशी दिवसाला 155 लिटरचं आवाहन होतं, आठवतं? शॉवरखाली बादल्या ठेवायचो, तेच पाणी गुलाबाला. चार मिनिटांचं ते घड्याळ आमच्या बाथरूमच्या काचेवर चिकटलेलं होतं. लेक तेव्हा दोन वर्षांची. मी तिला ना ते घड्याळ दाखवलं, ना उजनी सांगितली. मग तिनं वीस मिनिटं शॉवर घेतला तर चूक कुणाची?

परत आल्यावर तिनं ठरवलं, दर रविवारी आजोबांशी व्हिडिओ कॉल करायचा आणि त्यांचं मराठी शिकायचं. गंमत बघा. ती स्क्रीनवर आली की अप्पा चष्मा पुसतात, सरळ बसतात आणि म्हणतात, "काय करत आहेस बाळा? अभ्यास कसा चालू आहे?" पाठ्यपुस्तकातलं! ती म्हणते, आजोबा, तुमचं बोला ना. ते हसतात आणि आणखी शुद्ध बोलतात. परदेशातली नात म्हणजे त्यांच्या लेखी पाहुणीच. चांगले कप निघणारच.

मी तिला शिकवून बघितलं. "काय करूलालीस?" असं म्हणतो, आणि ते पुतण्याच्या रीलसारखं वाटतं. तोंड माझं, पण आवाज उसना. अप्पा समोर असले आणि डोकं तापलेलं असलं तरच ते आपोआप येतं.

मग मी युक्ती काढली. रविवारी तिच्या कॉलमध्ये घुसायचं आणि टाकीचा विषय काढायचा. दोन रविवार मस्त झाले. अप्पा चिडले, मी चिडलो, लेक बाजूला वही घेऊन बसली. एका भांडणात सोळा शब्द मिळाले तिला. त्यातले दोन बायकोनं खोडायला लावले.

गेल्या रविवारी पुन्हा काढला. म्हटलं, "अप्पा, टाकीचं काय करूलालाव?"

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मग सावकाश म्हणाले, "बसवून टाक. तू म्हणशील तसं करू."

मी आणखी एकदा डिवचलं. म्हटलं, पैसे किती लागतील माहितंय का? ते म्हणाले, "तुला कळतं सगळं. बघ तूच."

फोन ठेवला. लेक पेन उघडंच धरून बसली होती. म्हणाली, "आज भांडले नाहीत?"