गोट्यांवरचं डांबर

(दृश्य: अलास्का, प्रिन्स विल्यम साउंड या आखाताचा किनारा. गोट्याला चिकटलेलं डांबर.)

या किनाऱ्यावर काळं काही दिसलं की लोकांच्या मनात एकच नाव येई. २४ मार्च १९८९, गुड फ्रायडे. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. 'एक्सॉन व्हाल्डीझ' हे तेलवाहू जहाज ब्लाय रीफ या पाण्याखालच्या खडकावर चढलं आणि सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल समुद्रात गेलं.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातल्या शास्त्रज्ञांनी तरीही हे डांबर खरवडून प्रयोगशाळेत नेलं.

(दृश्य: प्रयोगशाळा. पडद्यावर उंचसखल शिखरांचा आलेख.)

तेल मातीत मिसळलेलं असो की गोट्याला चिकटलेलं, ओळखायची रीत हीच. तेल द्रावकात उतरवायचं, घटक वेगळे करायचे, गॅस क्रोमॅटोग्राफ आणि मास स्पेक्ट्रोमीटर या उपकरणांमधून रेणू ओळखायचे. तेलातला हलका भाग उडून जातो, उरलेल्यातलं बरंचसं जिवाणू खातात. होपेन नावाचे रेणू मात्र चिवट. कोट्यवधी वर्षांपूर्वी जगलेल्या जिवाणूंच्या पेशीआवरणाचे हे अवशेष. इतक्या सूक्ष्म जिवांची खूण तेलात अजून वाचता येते, याचं मला प्रत्येक वेळी नवल वाटतं. तेल ज्या खडकात घडलं, त्या खडकागणिक या रेणूंचं प्रमाण बदलतं.

या डांबराच्या आलेखात बिसनॉरहोपेनचं, म्हणजे होपेनच्याच एका प्रकाराचं, शिखर ठळक होतं. जहाजातल्या तेलाचा आलेख तसा नव्हता. कार्बनच्या समस्थानिकांचा, म्हणजे हलक्या आणि जड कार्बन अणूंचं प्रमाण ठरलेल्या मापापेक्षा किती वेगळं ते सांगणारा, आकडाही जुळेना: जहाजाच्या तेलाचा दर हजारी उणे २९ च्या आसपास, डांबराचा उणे २४ च्या.

खुणा जुळल्या त्या हजारो किलोमीटरांवरच्या, कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे नावाच्या खडकथरांतल्या तेलाशी.

(दृश्य: इथल्याच जुन्या व्हाल्डीझ या बंदरगावाची कृष्णधवल छायाचित्रं.)

अलास्काची मोठी तेलवाहिनी सुरू झाली १९७७ मध्ये. त्याआधी इथं तेल आणि डांबर कॅलिफोर्नियाहून येई आणि बंदरावरच्या टाक्यांत साठवलं जाई. २७ मार्च १९६४ ला, तोही गुड फ्रायडेच, ९.२ तीव्रतेचा भूकंप झाला. टाक्या फुटल्या, माल खाडीत गेला. किनाऱ्यावरचं हे डांबर बहुधा तेव्हाचं.

म्हणून जहाजाचं तेल संपलं, असं मात्र कुणी समजू नये. २००१ मध्ये या किनाऱ्यांवर हजारो खड्डे खणले गेले.

(दृश्य: हातभर खोल खड्डा. गोटे बाजूला सारणारं फावडं.)

वरचे गोटे स्वच्छ. खाली गाळात मात्र ओलं, काळं तेल. सांडून बारा वर्षं झाली होती, तरी खड्ड्यात पाणी झिरपलं की त्यावर तवंग पसरत होता.