पहाटेचा नमुना

पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाखाली, बंडगार्डनच्या बंधाऱ्याला पाणी तुंबतं. उन्हाळ्यात जलपर्णी दाटते ती अशाच संथ पाण्यात.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजून नदीची तब्येत तपासायची तर आधी वेळ ठरवा. उन्हात शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतं, रात्रभर तेच तो वापरतं. त्यामुळे दुपारी आकडा फुगलेला येतो आणि सूर्योदयापूर्वी त्याच जागी तळाला जातो. फक्त दुपारी मोजून नदी ठीक ठरवणं म्हणजे क्रोसिन देऊन मग ताप पाहणं.

बादलीनं उपसलेलं पाणी चालत नाही. ओततानाच त्यात हवा मिसळते. 300 मिलीची काचेची बाटली पाण्याखाली धरून सावकाश भरू द्या, बूच आतच लावा. मग उलटी करून बघा. बुडबुडा दिसला? पाणी ओतून द्या, पुन्हा भरा.

पुढचं काम काठावरच. 2 मिली मँगनीज सल्फेट, मग 2 मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. बूच लावून बाटली उलटसुलट करा. साका तपकिरी आला तर प्राणवायू आहे. पांढराशुभ्र आला, तर प्रयोगशाळेत जायचीही गरज नाही.

तपकिरी साका खाली बसला की 2 मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल. हातमोजे आणि चष्मा घालूनच. साका विरघळला की त्यातलं 200 मिली घेऊन 0.025 नॉर्मल (तीव्रतेचं माप) थायोसल्फेटनं टायट्रेशन करा, म्हणजे थेंबथेंब सोडत किती लागलं ते मोजा. स्टार्च टाकायचा तो रंग फिकट पिवळा झाल्यावर; त्यानं पाणी निळं होतं. घाई केली तर आयोडिन स्टार्चला धरून बसतं आणि शेवट चुकतो. निळा रंग गेला की थांबा. जितके मिली थायोसल्फेट लागलं, लिटरमागे तितके मिलिग्रॅम प्राणवायू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषात आंघोळीच्या पाण्याला किमान 5 लागतात, मासे जगायला 4.

एक बाटली मोकळ्या पाण्यात भरा, दुसरी जलपर्णीच्या थराखाली. थराखाली ऊन पोचत नाही, वारा पाणी हलवत नाही, शिवाय कुजणारी मुळं उरलासुरला प्राणवायू खातात.

जलपर्णी पोसते सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर. एका रोपाला आडवे धुमारे फुटून नवी रोपं येतात. तुटलेला तुकडाही वाहत जाऊन रुजतो. बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. काढायची तर हिवाळ्यात, पुंजके काठाशी असतानाच. एप्रिलमध्ये पोकलेन उतरवले की वजनच भारी पडतं, कारण या रोपात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. मग ढीग काठावरच राहतात, आणि त्यांचा कुजका रस पुन्हा नदीत झिरपतो.