शब्दाखालची धमक

(दृश्य: गिरणाकाठचं गाव. पटांगणात टेम्पो उभा, मंडपाचं काम चालू.)

वैशाखातली दुपार. जळगाव जिल्ह्यात या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो. गावची जत्रा आहे आणि रात्री अहिराणी गाण्यांचा कार्यक्रम. टेम्पोतून सगळ्यांत आधी उतरतात दोन जड काळे खोके. प्रत्येकात १८ इंची स्पीकर, पाठीला अ‍ॅम्प्लिफायर. हे पॉवर्ड सब, म्हणजे फक्त खालचा जाड आवाज, बेस, काढणारे सबवूफर. वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागत नाही, खालचा आणि वरचा आवाज वेगळा करणारा क्रॉसओव्हरही वेगळा लागत नाही. वीज आणि मिक्सरची केबल दिली की वाजायला लागतात. नीट वाजायला मात्र सगळी संध्याकाळ जाते.

खानदेशात सब म्हटलं की वरातीतला डीजे आठवतो, छातीत बसणारा दणका आठवतो. आज रात्री काम वेगळं आहे. अहिराणी गाण्याचा जीव शब्दात असतो. कानबाईचं गाणं असो की लग्नातलं, ओळ कळली तरच बाया हसतात, पुढची ओळ आपणहून म्हणायला लागतात. ढोलकीची धुम, ऑक्टापॅडचा ठोका, कीबोर्डवरचा डावा हात, हे सगळं खालून भरून निघालं पाहिजे आणि गाणाऱ्याचा एकही शब्द त्याखाली दबता कामा नये. सब चांगला लागला की नाही, हे मी तरी याच एका कसोटीवर ठरवतो.

(दृश्य: स्टेजपुढची मोकळी जागा.)

हाताखालची पोरं सवयीने एक सब डावीकडे, एक उजवीकडे ओढायला निघतात. साऊंडवाले भाऊ त्यांना थांबवतात. ८० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सव्वाचार मीटरहून लांब असते. दोन सब दूर ठेवले की त्यांच्या लाटा माणसापर्यंत वेगवेगळ्या वेळी पोहोचतात; कुठे एकमेकींत मिळतात, कुठे एकमेकींना मारतात. मग पटांगणाच्या मधल्या पट्टीत दणका बसतो आणि चार पावलं बाजूला सरकलं की बेस गायब. म्हणून दोन्ही सब स्टेजच्या पुढे, मधोमध, एकमेकांना चिकटून आणि थेट जमिनीवर. असे ठेवले की एका सबपेक्षा ६ डेसिबलपर्यंत जास्त बेस मिळतो, तोही सगळीकडे बऱ्यापैकी सारखा. स्टेजवर मात्र ठेवायचे नाहीत. फळ्यांखाली पोकळी असते, ती घुमते आणि ते घुमणं माईकमध्ये शिरतं. पुढच्या रांगेत गावची लहान पोरं बसणार, म्हणून भाऊ सबपासून चांगलं अंतर सोडून दोरी बांधायला लावतात. त्या कानांची काळजी करायलाच हवी.

(दृश्य: बोर्ड, मल्टिमीटरचा काटा.)

विजेपाशी भाऊ सगळ्यांत जास्त वेळ घालवतात. प्रत्येक ठोक्याला सब क्षणभर मोठा करंट ओढतो. केबल बारीक आणि लांब असली की त्याच क्षणी व्होल्टेज बसतं आणि ठोका बोदा येतो. म्हणून सबला वेगळी लाईन आणि अडीच चौरस एमएमची केबल. हॅलोजन, पंखे दुसरीकडे. जोडण्याआधी बोर्डावर फेज आणि न्यूट्रल मोजायचे. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात, आणि मग अ‍ॅम्प्लिफायर जळतो. जनरेटरवर गेल्यावर पुन्हा मोजायचं, मग खटका टाकायचा.

हमिंगचं, म्हणजे स्पीकरमधल्या सततच्या गुणगुणीचं, मूळही बहुतेक वेळा इथेच सापडतं. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि सबचा मुलूखही तोच. थोडीशी गुणगुण आली तरी सब ती मोठ्याने बोलून दाखवतो. अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. गाणाऱ्याच्या हातात लोखंडी माईक असतो, हे लक्षात घ्या. हा जिवाशी खेळ आहे. मिक्सर आणि सब एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घ्या. तरीही हम राहिला तर सबच्या मागचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते फक्त सिग्नलच्या केबलपुरतं असतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

ऊन अजून उतरलेलं नाही. भाऊ सबच्या पाठीवर तळहात ठेवतात आणि लगेच उचलतात. अजून वीजही दिलेली नाही आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या तापल्या आहेत. वर कापड ताणलं जातं, मागे वारा खेळायला जागा सोडली जाते. ऐन गाण्यात गरम होऊन सब स्वतःला बंद करून घेतो, ते असंच.

(दृश्य: मिक्सर.)

आता जोडणी. सोपा रस्ता म्हणजे मिक्सरमधून सबला, सबमधून वरच्या टॉपला, म्हणजे शब्द आणि बाकीचा आवाज काढणाऱ्या स्पीकरला. भाऊ सबसाठी मिक्सरवरचा ऑक्स, म्हणजे हवे तेच आवाज पाठवायची वाट, वेगळा काढतात. त्यात ढोलकी, ऑक्टापॅड आणि कीबोर्ड एवढंच जातं. गाणाऱ्यांचे माईक सबकडे जातच नाहीत, वर त्यांना १०० हर्ट्झला लो कट, म्हणजे त्याखालचा आवाज कापलेला. माईकवरचा श्वास, स्टँडचा धक्का, वाऱ्याची फडफड, यातलं काही सबपर्यंत पोहोचत नाही. शब्दांच्या कार्यक्रमाला हीच पद्धत योग्य, असं माझं ठाम मत आहे. सबचा क्रॉसओव्हर १०० वर, टॉपचाही १०० वर.

मग फेज; विजेची नव्हे, सब आणि टॉपच्या हालचालीचा मेळ. सबची पडदी बाहेर येत असताना टॉपची आत जात असेल, तर रहाटाचा दोर एकाने ओढावा आणि दुसऱ्याने सोडावा तसं होतं. दोघेही राबतात आणि बेस येत नाही. एक ठेका चालू ठेवायचा, पटांगणाच्या मध्यावर उभं राहायचं आणि एकाला सबमागचं पोलॅरिटीचं, म्हणजे पडदीची दिशा उलटवणारं, बटण दाबायला सांगायचं. ज्या बाजूला भरीव वाजतं ती खरी. सब टॉपच्या ३ मीटर पुढे आहेत, म्हणून त्यांना साडेआठ मिलिसेकंदांचा डिले. टॉपचा आवाज तेवढं अंतर कापून येईपर्यंत सबने थांबायचं.

(दृश्य: साऊंड चेक.)

सब पूर्ण खाली. आधी नुसता गाणारीचा आवाज लावून घेतला जातो. तो स्वच्छ झाला की ढोलकी, आणि मग सब हळूहळू वर. भाऊ मिक्सर सोडून शेवटच्या रांगेपर्यंत चालत जातात. तिथे चहाच्या टपरीवर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारतात, "बाबा, मांगे शबद समजी ऱ्हायना का?" बाबा मान हलवतात, पण बोट वर करतात. टपरीचा पत्रा थरथरतो आहे. भाऊ परत येऊन सब थोडा उतरवतात.

त्या पत्र्याकडे आवाज मोजायचं मीटर लक्ष देत नाही. आवाजाच्या नियमातलं मोजमाप डीबी-ए मध्ये, म्हणजे माणसाच्या कानाला धरून केलेल्या डेसिबलमध्ये, असतं आणि त्या मापात ५० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबल कमी धरला जातो. मीटरवर आकडा साधा दिसतो आणि पलीकडच्या घरात भांडी वाजत असतात. खालचा आवाज भिंतीने अडत नाही. म्हणून मीटरबरोबर गल्लीत एक फेरी मारून यायची. कार्यक्रमभर सबच्या लिमिटच्या दिव्यावर (आवाज मर्यादेला टेकला की तो लागतो) नजर ठेवायची. अधूनमधून चमकला तर चालतं, सतत लाल राहिला की फेडर खाली.

परवानगी १० वाजेपर्यंतची आहे. शेवटचं गाणं संपलं की आधी सब आणि टॉप बंद, मग मिक्सर. सुरू करताना याच्या उलट. क्रम चुकला की मिक्सरचा ठोका थेट स्पीकरवर बसतो. पोरं केबली गुंडाळायला घेतात. सबवर कव्हर मात्र ते गार झाल्यावरच चढणार.