लॅग वाढतोय? रांग मोठी करून भागणार नाही

लॅग (आलेले पण अजून न उरकलेले मेसेज) चढायला लागला की सगळ्यात आधी रांगेची क्षमता वाढवावीशी वाटते. थांबा. आधी दोनच आकडे काढा: सेकंदाला मेसेज येतात किती आणि उरकतात किती. १,००० येतायत नि ८०० उरकतायत, तर तासाभरात ७,२०,००० तुंबले. दुप्पट मोठी रांग भरायला दुप्पट वेळ घेईल, पण भरेलच. मेमरीतल्या रांगेला मर्यादाच नसेल तर आणखी वाईट: मेमरी संपून प्रोसेस पडते आणि रांगेतला सगळा डेटा जातो.

काफ्कात (मेसेज साठवून पुढे पोचवणारी प्रणाली) हमखास दिसणारा घोळ बघा. कन्झ्युमर, म्हणजे मेसेज वाचून काम उरकणारा प्रोग्रॅम, काफ्काकडे मेसेज मागतो तो पोल. एका पोलमध्ये डीफॉल्टने जास्तीत जास्त ५०० रेकॉर्ड (म्हणजे मेसेज) मिळतात आणि पुढचा पोल ५ मिनिटांच्या आत यावा लागतो. डेटाबेस मंदावला, एका रेकॉर्डला ७०० मिलिसेकंद लागायला लागले. ५०० गुणिले ०.७, झाले ३५० सेकंद. ३०० ची मर्यादा ओलांडली! हार्टबीट ('मी जिवंत आहे' हा संदेश) वेगळ्या थ्रेडवरून चालू असतो, तरीही कन्झ्युमर काम वाटून घेणाऱ्या ग्रुपबाहेर पडतो. रीबॅलन्स (कामाची फेरवाटणी) होतो, कमिट ('इथवर उरकलं' ही नोंद) नाकारला जातो, तेच ५०० रेकॉर्ड दुसऱ्याकडे जातात आणि तोही तिथेच अडकतो. सगळे राबतायत, ऑफसेट (कुठवर उरकलं तो क्रमांक) मात्र जागचा हलत नाही.

लगेच करायचं ते एवढं: मॅक्स पोल रेकॉर्ड्स १०० वर आणा. ७० सेकंदांत बॅच उरकेल, चक्र तुटेल. वेग मात्र यानं वाढत नाही. वेग वाढतो तो डेटाबेसमध्ये एकेक ओळ न घालता शंभराचा गठ्ठा एकदम घातल्यावर. माझ्या मते आधी हेच करावं, मग कन्झ्युमर वाढवावेत. कारण नेहमीच्या ग्रुपमध्ये ६ पार्टिशनना (डेटाचे भाग; एक भाग एकाच कन्झ्युमरकडे) ८ कन्झ्युमर लावले तर २ नुसते बसून राहतात. आणि लॅग एकाच पार्टिशनवर साचला असेल तर रेकॉर्डची 'की' (key, जिच्यावरून त्याचं पार्टिशन ठरतं) बघा. बहुतेक एकाच कीवर सगळा भार पडतोय.

काम वेगळ्या थ्रेडकडे देत असाल तर मधल्या रांगेला मर्यादा घाला. ती भरली की नवे रेकॉर्ड घेणं पॉज करा, पोल चालूच ठेवा, जागा झाली की रिझ्यूम. कमिट फक्त पूर्ण झालेल्या कामाचा. रेकॉर्ड टाकून देणं मेट्रिक्सला चालेल, पैशांच्या व्यवहाराला कधीच नाही.

आणि रिटेन्शन, म्हणजे काफ्का डेटा किती काळ ठेवतं ते, तपासा. डीफॉल्ट ७ दिवस. कन्झ्युमर त्याहून मागे पडला तर त्याच्या ऑफसेटवरचा डेटाच पुसला जातो, आणि ऑटो ऑफसेट रिसेट (अशा वेळी कुठून वाचायचं ते सेटिंग) डीफॉल्टने लेटेस्ट असल्यामुळे तो थेट शेवटाला उडी मारतो. मधला डेटा वाचलाच जात नाही, आणि लॅगचा आलेख शून्यावर आलेला दिसतो. त्या सेटिंगला 'नन' (none) ठेवा, म्हणजे कन्झ्युमर एरर देऊन थांबेल.