तोंडावर न सांगितलेली गोष्ट

[दृश्य: सकाळची खानापूर–बेळगाव बस, दाटीवाटीनं उभे प्रवासी]

पाय ठेवायला जागा नाही. शेजारचा ओळखीचा निघतो. "काय वो, बेळगावास?" एवढंच विचारतो, आणि आपण उत्तर देता देता मान खिडकीकडं वळवतो. त्याच्या तोंडाला वास येतो. खरं सांगणार कोण? आपण माणसं सगळं तोंडावर बोलतो, एवढं एक सोडून.

ज्याचा वास, त्याला तो येतही नाही. नाकाला सवय झालेली असते. म्हणून घरी करून बघा.

[अगदी जवळून: स्टीलचा चमचा]

चमचा उलटा धरायचा. जिभेवर जमेल तेवढा मागं न्यायचा, ओकारी येईल न येईल इथपर्यंत, आणि हलकेच पुढं ओढायचा. पिवळट, चिकट थर निघतो. अर्धा मिनिट थांबून हुंगा.

नासक्या अंड्याचा वास आला, तर तो गंधकाचा. जिभेच्या मागच्या खडबडीत भागात आणि हिरड्यांच्या फटीत बिनहवेचे जंतू राहतात. अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी ते कुजवतात. त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे वायू सुटतात. दिवसा लाळ हे धुऊन नेते, झोपेत ती कमी होते. म्हणून सकाळचा वास सगळ्यांनाच. एकादशीची दुपार, रोजाची संध्याकाळ, तोंड कोरडं पडलं की तेच. तोंड उघडं टाकून घोरणाऱ्याला तर रोजचीच एकादशी.

"पोट साफ नसेल," हे निदान घरोघरी तयार असतं. एरंडेल निघतं, चूर्ण निघतं. पण दहातल्या आठ-नऊ जणांत वासाचं मूळ तोंडातच सापडतं. पोट उगाच बदनाम.

लसणाचं वेगळं. त्यातला एक गंधकी पदार्थ रक्तात उतरतो आणि फुफ्फुसांतून श्वासावाटे येत राहतो, म्हणून ब्रश करूनही तो जात नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत निघून जातो. भाकरीवरची लसणाची चटणी सोडा, असं मी तरी सांगणार नाही.

[दृश्य: निपाणी, तंबाखूची वखार]

निपाणी. 1981 साली इथल्या तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी पुणे–बंगळूर महामार्ग अडवला होता. या पट्ट्यात तंबाखू हे पीक आहे, बिड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी आहे, आणि पहाटे चुलीवरची मिश्रीही आहे.

माझी आजी याच भागातली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, ठसका लागून आम्ही पोरं अंगणात पळायचो. मग बोटानं चुरून डबीत. "दात साफ होत्यात, पोट बी," असं तिचं म्हणणं. दात काळे पडले, हिरड्या मागं सरकल्या, मुळं उघडी पडली. त्या फटींत जंतूंना कायमचं घर मिळालं. तोंड घासायच्या वस्तूनंच तोंडाला वास, आणि कर्करोगाचा धोका वर.

गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 ला बंदी आली, कर्नाटकात 2013 ला. आता सुपारीची एक आणि तंबाखूची एक, अशा दोन वेगळ्या पुड्या हातावर एक होतात. सुपारीनं गाल आतून ताठरतात, तोंड दोन बोटंही उघडत नाही. मग मागचा दात घासणार कसा?

[दृश्य: बेळगावातला दंतवैद्याचा दवाखाना]

एका पेशंटला "जीभ दाखवा", पुढच्याला तेच कानडीत, "नालिगे तोरिसी". दोघांच्या जिभेवर थर तोच.

सकाळी आणि झोपताना दोन मिनिटं ब्रश, पण तेवढ्यानं भागत नाही. दातांच्या मधे ब्रश पोचतच नाही, तिथं फ्लॉसचा दोरा फिरवावा लागतो. जिभली रोज, मागून पुढं. कवळी रात्री काढून, घासून, पाण्यात. किटण बसलं असेल तर ते दवाखान्यातच निघतं. ते काढल्यानं दात हलतात ही भीती खोटी, हलतात ते किटणानं. पाणी प्या. बडीशेप, लवंग, माउथवॉश थोडा वेळ झाकतात, एवढंच.

एका वासाला मात्र घरी बसू नका. मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा वास, जोडीला उलट्या आणि धाप, असं दिसलं तर त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात.

[दृश्य: परसात नळाजवळ आजी]

आजीनं मिश्री सोडली ती एकदम नव्हे. आधी दुपारची गेली, मग संध्याकाळची. पहाटेची सुटायला वर्ष लागलं. डबी अजून आहे. तिच्यात ती आता सुया ठेवते.