आधी पौर्णिमा बघा, मग श्रीलंकेचं तिकीट काढा

नमस्कार मंडळी. श्रीलंकेला जायचंय म्हणणारे हल्ली पुण्यात गल्लोगल्ली भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, पॅकेज कितीला पडतं. पॅकेजचं नंतर बघू हो. आधी स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवा, कारण श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला सार्वजनिक सुट्टी असते. वर्षातल्या सगळ्या पौर्णिमांना. त्याला तिथं पोया म्हणतात, आणि पोयाला दारूची दुकानं बंद, मटणाची दुकानं बंद, देवळांत पांढरे कपडे घातलेल्या माणसांची रीघ. तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा, आधी पौर्णिमा, मग तिकीट.

दुसरी गोष्ट पाऊस. आपल्याकडं पाऊस एकदाच येतो, तिथं दोनदा आणि दोन बाजूंनी. साधारण मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, तेव्हा कोलंबो, गॉल, मिरिस्सा आणि चहाचे डोंगर भिजतात. डिसेंबर ते फेब्रुवारी ईशान्येचा, तेव्हा त्रिंकोमाली आणि पूर्वेचा किनारा भिजतो. म्हणजे पोरांच्या मेच्या सुट्टीत जाणार असाल तर पूर्वेचा किनारा धरा, आणि दिवाळी उलटून डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर दक्षिणेचा. देवमासे बघायचे तरी हाच हिशोब, हिवाळ्यात मिरिस्साला, उन्हाळ्यात त्रिंकोमालीला. परत सांगते, मे महिन्यात पूर्व, डिसेंबरात दक्षिण. आणि देश महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाएवढा आहे म्हणून चार दिवसात सगळं उरकू असं कुणी म्हणत असेल तर त्याला एकदा कँडीच्या घाटातून न्या, कोलंबो ते कँडी सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही आणि तीन-चार तास सहज जातात.

आता पौर्णिमेचं का एवढं लावून धरलंय ते सांगते. आमच्या सोसायटीतली सात-आठ माणसं घेऊन गेले होते, मुद्दाम बुद्धपौर्णिमा धरून, कारण तिथं त्या दिवशी वेसाक असतो, वर्षातला सगळ्यात मोठा सण, लागून दोन दिवस सुट्टी. आमचे सोसायटीचे सेक्रेटरी काका, बँकेतून रिटायर झालेले, त्यांचा या तारखांना पहिल्यापासून विरोध. सुट्टीच्या दिवशी कशाला जायचं, सगळं बंद असणार, असं त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, वर सोसायटीच्या मीटिंगमध्येही बोलले, जिथं खरं तर विषय पाण्याच्या टाकीचा होता.

तर वेसाकच्या संध्याकाळी आम्ही दंबुल्लाहून कँडीकडं निघालो होतो. मातलेच्या अलीकडे दहा-बारा पोरं रस्त्यात उभी, हातात पट्ट्यापट्ट्यांचे झेंडे, गाड्या अडवतायत. आमच्या ड्रायव्हरनं, त्याला आम्ही सगळे तिथल्या रीतीनं अय्या म्हणायचो, म्हणजे मोठा भाऊ, त्यानं शांतपणे व्हॅन बाजूला घेतली. काका म्हणाले, "झालं! वर्गणी." आणि खिशावर हात ठेवला. गणपतीच्या आधी पौड रोडला गाडी अडवल्यावर माणसाचा चेहरा जसा होतो ना, अगदी तसा.

वर्गणी नव्हती. रस्त्याकडेला बांबूचा मांडव, वर कागदी आकाशकंदील, बाकं मांडलेली, आणि एका मोठ्या कढईत हरभरे, उकडलेले, मोहरी, लाल मिरची, कढीपत्त्याची फोडणी दिलेले, वरून ओल्या खोबऱ्याचे काप. बाजूला बेलाच्या फुलांचा गरम काढा आणि त्याबरोबर गुळाचा खडा. पोरं म्हणाली बसा, खा. याला दानसल म्हणतात. वेसाकला गावोगाव असे मांडव लागतात, कुठं भात-आमटी, कुठं सरबत, कुठं चक्क आइस्क्रीम, आणि आइस्क्रीमच्या दानसलला गाड्यांची रांग लागते. येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही बोलवायचं, खायला घालायचं, पैसे घ्यायचे नाहीत.

काका खाली उतरले पण बसेनात. "हाऊ मच?" पोरगा हसला, नो मनी. काका म्हणाले हो हो, पण हाऊ मच? मग पाचशेची नोट काढली. पोरानं दोन्ही हात जोडले. काकांनी दानपेटी शोधली, मांडवाच्या मागं जाऊन शोधली, नव्हती. मग मला बाजूला घेऊन हळूच, "अगं, नंतर हॉटेलच्या बिलात लावतील." आता या मांडवाचा आणि कँडीच्या हॉटेलचा काय संबंध, पण पुणेरी माणसाला फुकट म्हटलं की भीतीच वाटते. (खरं सांगायचं तर ही भीती आपल्याला उगाच लागलेली नाही, फ्री पार्किंग लिहिलेल्या ठिकाणी वीस रुपये देऊन आलेली माणसं आहोत आपण.) काकांचं शेवटचं अस्त्र म्हणजे, पैसे घेत नसाल तर निदान मंडळाचं नाव सांगा, रजिस्टर्ड आहे का?

तेव्हा काकू, ज्या एव्हाना अय्याकडून हरभऱ्यात सुकी मासळी नाही ना याची खात्री करून दुसऱ्यांदा वाढून घेत होत्या, बाकावरूनच म्हणाल्या, "अहो, दरवर्षी पालखी येते तेव्हा तुम्ही लक्ष्मी रोडला केळी वाटता. कुणा वारकऱ्यानं तुम्हाला रजिस्ट्रेशन विचारलं का?"

काका गप्प. मग बसले, खाल्लं. आणि खाऊन झाल्यावर हा माणूस उठला, हात धुतले, त्या पोराच्या हातातली पळी काढून घेतली आणि स्वतः वाढायला उभा राहिला! पोरांना काय, मजाच वाटली. एकानं काकांच्या गळ्यात झेंडा अडकवला. तोवर मागं दोन बस थांबल्या होत्या, माणसं उतरत होती, आणि आमचे काका मराठीत, शुद्ध सदाशिव पेठी मराठीत, "एकामागं एक, एकामागं एक, लाइन मोडायची नाही" करत होते, आणि लोक खरंच रांगेत येत होते हो. फक्त वाढताना काकांचा हात आखडता. माणशी एक पळी, मोजून. शेजारचा पोरगा काकांची पळी झाली की पाठोपाठ स्वतःची अजून एक घालायचा, काका त्याच्याकडं बघायचे, तो हसायचा. पहिल्या बसपर्यंत हे चाललं. दुसऱ्या बसला काका स्वतःच दोन पळ्या घालायला लागले.

तासभर आम्ही तिथंच. हॉटेलचं जेवण हुकलं, त्यावर दोन तरुण भाचेमंडळी कुरकुरली, पण त्यांचं खरं दुःख बियरचं होतं, हॉटेलच्या फ्रीजला दोन दिवस कुलूप. त्याबद्दल मला काडीचं वाईट वाटलं नाही. परत आल्यावर सोसायटीच्या मीटिंगमध्ये काका अर्धा तास दानसलवर बोलले, विषय परत पाण्याच्या टाकीचाच होता.

बरं, वेळ कमी उरलाय, बाकीचं भराभर सांगते. पौर्णिमा कशा धरायच्या बघा. आपल्या वटपौर्णिमेला तिथं पोसॉन, अशोकाचा मुलगा महिंद मिहिन्तलेला आला त्याची आठवण, तेव्हा मिहिन्तले आणि अनुराधपुरात पाय ठेवायला जागा नसते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास कँडीचा पेराहेरा, म्हणजे मोठी मिरवणूक, संपतो, सजवलेले हत्ती, ढोल, मशाली, त्याची हॉटेलं कितीतरी आधी भरतात. आणि दत्तजयंती ते बुद्धपौर्णिमा हा श्रीपादाचा सीझन. श्रीपाद म्हणजे अ‍ॅडम्स पीक, 2243 मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरनं उंच, पण सगळ्या पायऱ्या. रात्री दोनच्या सुमारास चढायला लागायचं, वर सूर्योदय. सीझनमध्ये पायऱ्यांवर दिवे आणि चहाची दुकानं असतात, सीझन संपला की दोन्ही नाही, वर पाऊस आणि ढग. म्हणून परत तेच, आधी पौर्णिमा. कालनिर्णयात आणि तिथल्या यादीत एखाद्या दिवसाचा फरक पडतो, आणि अधिक महिन्याच्या वर्षी सण कुठल्या पौर्णिमेला धरलाय ते त्यांच्या सरकारी यादीत बघा.

सिगिरिया, पाचव्या शतकातल्या राजा कश्यपाचा खडकावरचा किल्ला, तिथं सकाळी गेट उघडायच्या वेळेलाच उभे राहा, दहानंतर ऊन भाजून काढतं. आणि तिथं आवाज करायचा नाही. कड्याला आग्यामाश्यांची पोळी आहेत, तशा पाट्या लावल्यात, सिंहाच्या शिल्पाच्या पंज्यांपाशी लोकांना आत शिरून बसायला जाळीचा पिंजरासुद्धा बांधलाय. सिंहगडावर ब्लूटूथ स्पीकर घेऊन चढणाऱ्या मंडळींसाठी आपल्याकडं अशा माश्या पाळता येतील का, कुणीतरी विचार करावा. हॉर्टन प्लेन्सच्या राष्ट्रीय उद्यानात तर गेटवर पिशव्या उघडून प्लास्टिक काढून घेतात. आपल्या गडांवर हे कधी होणार?

हत्ती बघायचे असतील तर मिन्नेरिया, गणपतीच्या आगेमागे. तळ्याचं पाणी आटतं, काठाला कोवळं गवत येतं आणि कळपच्या कळप उतरतात. बिबट्यासाठी ‘याला’ नावाचं राष्ट्रीय उद्यान, पण तिथला मुख्य भाग बहुतेक वर्षी सप्टेंबरात बंद असतो, तारखा विचारून घ्या. सिंहराजा नावाच्या जंगलात जळवा भरपूर, गुडघ्यापर्यंतचे कापडी मोजे मिळतात, घ्याच. देवळात गुडघे-खांदे झाकलेले, टोपी-चपला बाहेर, आणि बुद्धाच्या मूर्तीकडं पाठ करून फोटो अजिबात काढायचा नाही, तिथं ते फार मनावर घेतात. शाकाहारी मंडळींनी खोबऱ्याच्या चटणीला, पोल सांबोलला, हात लावायच्या आधी विचारायचं, त्यात सुक्या माश्याचा चुरा असतो, कधीकधी आमटीतही.

आणि कँडी ते एल्ला रेल्वे. सहा-सात तासांचा प्रवास, चहाचे मळे, बोगदे. रिझर्वेशन तीस दिवस आधी उघडतं आणि चांगल्या सीटा चटकन जातात, त्यामुळं तारीख लिहून ठेवा आणि सकाळीच बसा. पावसानं दरडी पडल्या की ती लाइन मध्येच बंद होते, निघायच्या आठवड्यात एकदा चौकशी करा. ईटीए, म्हणजे प्रवासाचा परवाना, ऑनलाइन काढायचा, तोही सरकारी साइटवरच, मिळतीजुळती नावं असलेल्या पुष्कळ साइट जास्तीचे पैसे घेतात. घड्याळ बदलायची गरज नाही, वेळ आपलीच आहे.

बराय मंडळी, नमस्कार.