उड्यांचा दिवस आणि अप्पांची कल्हई

नमस्कार श्रोतेहो, कसे आहात सगळे, पाऊस आहे ना तुमच्याकडे, इथं स्टुडिओच्या काचेवर मगाचपासून धो धो चाललाय. आज मी तुम्हाला पुण्यातून थेट बोस्नियात घेऊन जाणार आहे, मोस्तार नावाच्या गावात. हे गाव युद्धात पार उद्ध्वस्त झालं होतं, आणि दरवर्षी जुलैच्या शेवटी तिथं उड्यांचा उत्सव असतो. हो, उड्यांचाच. पुलावरून नदीत उडी!

आधी तो पूल सांगते, म्हणजे पुढची गंमत कळेल. नदीचं नाव नेरेत्वा, पाणी हिरवंगार आणि भर उन्हाळ्यात बर्फासारखं. तिच्यावर एका कमानीचा दगडी पूल, १५६६ साली पूर्ण झालेला. बांधणारा हयरुद्दीन, आणि लोक असं सांगतात की खालचा आधार काढायच्या दिवशी तो इतका घाबरला होता की स्वतःची कबर खणून तयार ठेवली होती त्यानं. पूल काही पडला नाही, ४२७ वर्षं उभा राहिला. मग युगोस्लाव्हिया फुटलं, १९९२ ला तिथं लढाई सुरू झाली, पहिल्यांदा सर्बांशी, मग १९९३ ला गावातलेच क्रोएट आणि बोस्नियाक शेजारी एकमेकांविरुद्ध. लोकांनी पूल वाचावा म्हणून त्याला गाड्यांचे टायर बांधले हो, जुने टायर! तरी तोफगोळे पडतच राहिले आणि ९ नोव्हेंबर १९९३ ला पूल नदीत गेला. लक्षात ठेवा, १९९३ ला पडला. आणि २३ जुलै २००४ ला त्याच जागी, त्याच गावच्या खाणीतल्या दगडानं, जुन्या पद्धतीनं परत उभा राहिला. त्या रात्री केवढा जल्लोष झाला, आतषबाजी, बाहेरदेशीचे पाहुणे, आणि पोरांनी नव्या पुलावरून उड्या मारल्या.

त्या युद्धात युनोच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख आपले जनरल सतीश नंबियार होते, मराठा लाईट इन्फंट्रीचे. हे आपल्याकडे कितीजणांना माहितीय? पाठ्यपुस्तकात एक ओळ तरी पाहिजे होती असं मला फार वाटतं, असो.

आणि जळलेलं गाव म्हणजे काय हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. १६३० च्या सुमारास मुरार जगदेवानं हेच आपलं पुणं जाळलं, गाढवाचा नांगर फिरवला, आणि मग जिजाऊंनी शिवबाकडून सोन्याचा नांगर फिरवला ही गोष्ट आपण दुधाबरोबर प्यायलोय. मी कसब्यातली सून, तांबट आळीत राहते, त्यामुळे माझ्या तर दारातलीच गोष्ट ही.

आता तांबट आळीचं नाव निघालंच आहे तर मला जे सांगायचंय तिथंच येते.

माझे सासरे, आम्ही अप्पा म्हणतो, तांबट. पन्नास वर्षं मठारकाम केलंय, म्हणजे हातोडीनं ठोकून भांडी घडवायचं काम, उजव्या हाताचा अंगठा बघाल तर चपटा झालाय. धाकटे दीर जर्मनीत नोकरीला आहेत, त्यांच्याकडे आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलो होतो आणि त्यांनीच गाडीनं मोस्तारला नेलं, म्हणाले वहिनी, उड्यांचा दिवस आहे, बघाच. ऊन असं की नागपूर आठवलं. दोन्ही काठांवर माणसंच माणसं, पुलावर पाय ठेवायला जागा नाही, बायकांनी मुलं खांद्यावर घेतलेली. २०२४ ला या उड्यांची ४५८ वी स्पर्धा झाली, पूल बांधला तेव्हापासूनची मोजणी आहे ती! पूल नव्हता त्या वर्षांतही पोरांनी उडी सोडली नव्हती. उंची साधारण २४ मीटर, पाणी चढेल उतरेल तशी कमीजास्त, म्हणजे सात-आठ मजली बिल्डिंग धरा. काही जण पायावर उडी मारतात, आणि काही जण हात पसरून, पाकोळीसारखे, त्या उडीला तिकडे लास्ता म्हणतात, म्हणजे पाकोळीच.

आणि स्पीकरच्या भिंती नव्हत्या. मला हे बोलायचंच होतं. उडीच्या आधी सगळा काठ गप्प होतो, आपोआप, कुणी सांगावं लागत नाही. आपल्याकडे विसर्जनाला घराच्या काचा थरथरतात, पाळण्यातली पोरं दचकून उठतात, त्याला उत्सव म्हणायला माझं मन तयार होत नाही. ढोल असू दे, ताशा असू दे, पण माणसाचा आवाज माणसाला ऐकू आला पाहिजे.

तर झालं काय, आम्ही जागा धरायला पुलाकडे निघालो, आणि मागे बघते तर अप्पा नाहीत. माझ्या पोटात गोळाच आला, अप्पांना मराठी सोडून थोडं हिंदी येतं, बास. शोधायला परत फिरले तर पुलाच्या तोंडाशीच एक गल्ली आहे, कुयुंजिलुक म्हणतात, अगदी आपली तांबट आळी, दोन्हीकडे तांब्याची दुकानं आणि आतून ठोके. अप्पा तो ठोका ऐकूनच वळले होते. एका दुकानाच्या पायरीवर बसलेले, हातात तांब्याचं लांब दांड्याचं छोटं भांडं, जेझ्वा, त्यात ते लोक कॉफी करतात. आणि अप्पा काय करतायत, तर भांड्यात बोट घालून नखानं आतून खरवडतायत!

मी म्हटलं, "अप्पा, अहो चला, उड्या सुरू होतायत."

"अगं थांब, कल्हई बघ किती पातळ झालीय याची."

दुकानदार साठीचा असेल, समोरच हातोडी घेऊन बसलेला, त्यानं मान वर केली. म्हणाला, "कलाय?"

अप्पा म्हणाले, "कल्हई."

"कलाय, कलाय!" आणि तो माणूस उठून आत गेला, कथलाची कांडी घेऊन आला आणि अप्पांच्या नाकासमोर धरली. कलाय म्हणजे त्यांच्याकडे कथील! अप्पा माझ्याकडे असे बघायला लागले की बघ, मी काय सांगत होतो. मग अप्पांनी चिमटीनं काहीतरी शिंपडल्यासारखं केलं आणि म्हणाले नवसागर, तो म्हणाला निशादोर, आणि डबी उघडली तर नवसागरच. दुकानाला तो दुचान म्हणतो, साखरेला शेचेर. यातले बहुतेक शब्द फारसीतून इकडे आपल्याकडे आणि तुर्कीतून तिकडे त्यांच्याकडे गेलेले, दुश्मनसुद्धा दुश्मनच आहे तिकडे.

त्यानं भट्टी पुढे सरकवली. अप्पांनी तोच जेझ्वा सांडशीत धरला, तापवला, नवसागर टाकला, भस्सकन पांढरा धूर, कथील टेकवलं आणि कापसाचा बोळा गर्रकन फिरवला. तुम्ही कल्हईवाल्यापुढे उभे राहिला असाल तर तो क्षण माहितीय, काळं तांबं एका फिरक्यात चांदीसारखं होतं. आणि बरोब्बर तेव्हा बाहेर सगळं गप्प झालं. गल्ली गप्प, पूल गप्प. दुकानदारानं हातोडी मांडीवर ठेवली. धूर, नवसागराचा तो घशात जाणारा वास, अप्पांचा हात हवेत, आणि मग खालून धप्प असा आवाज, आणि सगळ्या गावाची एकच आरोळी. दुकानदाराचे डोळे भरले होते. दरवर्षीचंच असेल हो त्याचं, तरी भरले होते.

उडी मला दिसलीच नाही. इतक्या लांब जाऊन मी ती फक्त ऐकली, आणि मला जराही हळहळ नाही.

त्याच्या फळीवर बंदुकीच्या रिकाम्या काडतुसांची पेनं होती, युद्धातली पितळ, तिकडे खूप विकतात. अप्पांनी एक उचललं, वळवून बघितलं, आणि परत जागेवर ठेवलं. काही बोलले नाहीत. पुलाच्या टोकाला एक दगड आहे, त्यावर लिहिलंय, विसरू नका, ९३. मोस्तारमध्ये सगळं गोड झालंय असं मी सांगणार नाही, २००८ नंतर बारा वर्षं तिथं नगरपालिकेची निवडणूकच होऊ शकली नव्हती, २०२० च्या डिसेंबरला झाली. पण उड्यांच्या दिवशी दोन्ही काठ भरलेले मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत. परत सांगते, दोन्ही काठ.

जेझ्व्याचे पैसे त्यानं घेतले नाहीत. आम्ही त्यात एका माणसाचा चहा करतो, अप्पांचा, आणि कल्हई उडत आली की अप्पाच परत लावतात, कारण आता आळीत कल्हईवाला यायचाच बंद झालाय, सगळ्यांनी पितळेची पातेली मोडीत घालून नॉनस्टिक आणलीत, आणि ते तीन वर्षांत फेकतात.

यंदा दीर परत मोस्तारला चाललेत, जुलैच्या शेवटच्या रविवारी. अप्पांनी एक छोटा गडू मठारून ठेवलाय, आतून कल्हई केलेला, वर्तमानपत्रात गुंडाळून. कुरियरनं पाठवू म्हटलं तर नको म्हणाले, त्या पायरीवर बसून त्याच्या हातात द्यायचा, आणि तो आत बोट घालून बघेल, त्याला बघू द्यायचं.